शूटर खेळून कंटाळा आलाय? टीम फोर्ट्रेस २ लावा, पण या क्रमाने

बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारखे शूटर, म्हणजे बंदुकांच्या लढाईचे गेम, रोज खेळूनही मजा येईनाशी झाली असेल, सवय म्हणून मॅच लावली जात असेल, तर दोष बहुतेक वेळा नेमबाजीचा नसतो. रोज एकच काम करावं लागतं, त्याचा तो कंटाळा असतो. दिसला की मारायचं, आपण मेलो की दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचं आणि शेवटी रँक वर गेली की खाली आली ते तपासायचं. अशा वेळी त्याच जातीचा नवा गेम डाउनलोड करून उपयोग होत नाही, आठवड्यात तोही शिळा होतो. ज्यात काम बदलता येतं असा गेम हवा.

म्हणून आमची शिफारस टीम फोर्ट्रेस २. व्हॉल्व्ह कंपनीने हा गेम ऑक्टोबर २००७ मध्ये काढला, जून २०११ पासून तो फुकट आहे आणि आजही स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम दुकानावर खेळला जातो. दोन टीम, लाल आणि निळी. नेहमीच्या कॅज्युअल मॅचमध्ये बारा विरुद्ध बारा. नऊ वेगवेगळे क्लास, म्हणजे वेगवेगळं काम आणि हत्यारं असलेली पात्रं, आणि मॅच चालू असताना हवा तेव्हा क्लास बदलता येतो. मेलात तर काही सेकंदांत परत मैदानात. ज्याचा नेम चांगला नाही त्यालाही टीम जिंकवून देता येते. या एका गोष्टीसाठी आम्ही हा गेम इतरांच्या आधी सुचवतो.

मात्र वीस वर्षांच्या घरात आलेला गेम आहे आणि नवख्याला तो नीट समजावून सांगत नाही. पहिल्याच दिवशी स्पाय किंवा स्नायपर हे क्लास घेऊन थेट मॅचमध्ये उतरणारे बरेच जण तासाभरात अनइन्स्टॉल करतात. क्रम चुकला की हा गेम अन्यायकारक वाटतो.

काय लागतं

विंडोज किंवा लिनक्सचा पीसी किंवा लॅपटॉप लागतो, मोबाईलवर हा गेम नाही. नव्या मॅकच्या भरवशावरही राहू नका. एप्रिल २०२४ मध्ये गेमला ६४ बिट आवृत्ती मिळाली, तेव्हापासून जुन्या मशीनवरही तो पूर्वीपेक्षा बरा चालतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काम भागतं. डिस्कवर ३० जीबी तरी मोकळी ठेवा आणि जमलं तर गेम एसएसडीवर टाका. साध्या हार्ड डिस्कवर मॅप उघडायला इतका वेळ जातो की तुम्ही आत पोचेपर्यंत बाकीच्यांचे क्लास निवडून झालेले असतात.

माउस हवाच. टचपॅडवर हा गेम होत नाही, प्रयत्नही करू नका. मोबाईलवरून येणाऱ्यांना पहिले तीन-चार दिवस डाव्या हाताची बोटं अडखळतात, ते आपोआप जातं.

गेम उघडल्यावर आधी सेटिंग

ही पंधरा मिनिटं वाचवू नका. मूळ सेटिंगमध्ये गेम तुमच्यापासून बरीच माहिती लपवून ठेवतो.

अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि दृष्टीचा कोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, ९० वर न्या. तिथेच शत्रूला इजा झाली की आवाज होण्याचा आणि किती इजा झाली तो आकडा डोक्यावर दिसण्याचा पर्याय आहे. दोन्ही चालू करा. आवाज आला नाही म्हणजे गोळी लागली नाही, हे कानाला कळू लागलं की नेम झपाट्याने सुधारतो. हत्यार आपोआप रीलोड होण्याचा पर्याय चालू ठेवा. मेडिक खेळताना बटण दाबून न ठेवता उपचार चालू राहण्याचा पर्यायही याच यादीत आहे, तोही चालू करा, नाहीतर अर्ध्या तासात बोट दुखतं. घायाळ साथीदारांनी न सांगताही त्यांचं चिन्ह मेडिकला दिसावं यासाठी वेगळा पर्याय आहे. त्याची मर्यादा ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवा.

माउससाठी रॉ इनपुट चालू, अ‍ॅक्सलरेशन बंद. व्हिडिओत मोशन ब्लर आणि अँटी-अलायसिंग बंद, सावल्या लो. मशीन तरीही रडत असेल तर रेझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. चोवीस जण एकत्र भिडले, स्फोट सुरू झाले की फ्रेम कोसळतात. मोकळ्या मैदानात आकडा छान दिसतो म्हणून फसू नका.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचं, प्रकरण आपल्याकडे महत्त्वाचं आहे. कॅज्युअलच्या पडद्यावर दातेरी चक्राचं चिन्ह आहे, त्यात पिंगची मर्यादा ठरवता येते. मर्यादा फार कमी ठेवली तर मॅच मिळायला वेळ लागतो, कारण एकाच वेळी जवळपासचे पुरेसे खेळाडू हजर नसतात. थोडी वाढवली की सिंगापूरसारखे दूरचे सर्व्हर धरले जातात. ८०-९० च्या पिंगला सोल्जर, मेडिक, इंजिनिअर, हेवी हे क्लास आरामात खेळता येतात. स्नायपर आणि स्पायला मात्र तेवढा उशीरही जाणवतो. वायफायवर पिंग वरखाली उडत असेल तर केबल लावा. स्थिर ९० हे उड्या मारणाऱ्या ४० पेक्षा बरं.

पहिले काही तास

मेन मेनूमध्ये ट्रेनिंग आहे. त्यात सोल्जरचा धडा पूर्ण करा. नंतर ऑफलाइन प्रॅक्टिसमध्ये बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, घेऊन दोन-तीन मॅप फिरा. हे बॉट हुशार नाहीत, पण इथे शिकायचं आहे ते मॅपचं. औषधाची पेटी कुठे पडलेली असते, दारूगोळ्याची पेटी कुठे, बाजूची वाट कुठून निघते. औषधाची पेटी उचलली की हेल्थ येते: छोटी, मध्यम आणि पूर्ण अशा तीन आकारांत. माघार घ्यायची असेल तेव्हा जवळची पेटी कुठे आहे हे ठाऊक असलेला खेळाडू दुप्पट जगतो.

मग कॅज्युअल. सगळे मोड टिक करू नका. आधी फक्त पेलोड आणि किंग ऑफ द हिल निवडा. पेलोडमध्ये निळी टीम रुळावरची गाडी ढकलत नेते, लाल टीम अडवते. गाडीजवळ जितके जास्त तितकी ती जलद, पण तिघांच्या पुढे वेग वाढत नाही. गाडी ढकलणाऱ्यांना हेल्थ आणि दारूगोळा देते, त्यामुळे घायाळ झालात तर पळण्याऐवजी गाडीला चिकटा. अर्धा मिनिट कुणीच हात लावला नाही तर ती मागे घसरू लागते. बॅडवॉटर आणि अपवर्ड हे दोन मॅप शिकण्यासाठी उत्तम. किंग ऑफ द हिलमध्ये मधली एकच जागा तीन मिनिटं ताब्यात ठेवायची असते, तिथे व्हायाडक्टपासून सुरुवात करा. टू-फोर्ट प्रसिद्ध आहे, पण तिथे लोक तासन् तास रेंगाळतात आणि नवख्याला टीमवर्क म्हणजे काय ते कळतच नाही. तो नंतर.

पहिला क्लास: सोल्जर

२०० हेल्थ, रॉकेट लाँचर, खांद्यावर शॉटगन. चूक पोटात घालणारा क्लास आहे. शत्रूच्या छातीवर नेम धरू नका, पायाजवळच्या जमिनीवर धरा. थेट नाही लागला तरी स्फोट लागतो. जवळून रॉकेट शंभरच्या पुढे इजा करतो, लांबून तोच जेमतेम पन्नास, म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रॉकेट फेकत बसण्यात अर्थ नाही. एका भरणीत चारच रॉकेट बसतात. नवखा चारही एका दमात उडवतो आणि रीलोड करताना मरतो. तीन मारा, चौथा राखा, आडोशाला जाऊन भरा. शत्रू अर्धमेला झाला की शॉटगन काढा.

रॉकेट जंप पहिल्या दिवशी जमत नाही, पण सराव तिथूनच सुरू करा. खाली आणि किंचित मागे बघायचं, उडी आणि वाकणं जवळजवळ एकाच क्षणी, त्याच क्षणी रॉकेट. वाकायचं राहिलं तर उडी अर्धी होते. पडल्यावर हेल्थ साधारण चाळीसने कमी झालेली असते, म्हणून औषधाच्या पेटीजवळ सराव करा.

दुसरा क्लास: मेडिक, आणि इथे थांबा

कंटाळलेल्या खेळाडूला या गेमशी जोडून ठेवणारा क्लास हाच, असं आमचं ठाम मत आहे. बंदुकीचा नेम लागत नाही. लागते ती नजर. कोण पडणार आहे, कोण पुढे घुसणार आहे, कुठून पळायचं, हे सतत वाचावं लागतं. आणि चांगल्या खेळाडूंच्या पाठीमागे फिरता फिरता मॅप फुकटात शिकून होतो.

आकडे लक्षात ठेवा. मेडिगन, म्हणजे मेडिकची उपचाराची बंदूक, सेकंदाला २४ हेल्थ देते. ज्याला गेल्या दहा-पंधरा सेकंदांत काही लागलेलं नाही त्याला हळूहळू तिप्पट वेगाने, ७२ पर्यंत. म्हणजे भर चकमकीतला माणूस हळू भरतो आणि आडोशाला आलेला झटकन भरतो. यातून निघणारी सवय अशी: घायाळ साथीदार मागे येत असेल तर आधी त्याला घ्या, दोन-तीन सेकंदांत तो पुन्हा लढायला तयार होतो. पूर्ण हेल्थच्या वर दीडपटीपर्यंत जादा हेल्थ देता येते, ती पुढे आपोआप ओसरते. सोल्जरचे २०० असे ३०० होतात. मॅच सुरू होताना फाटक उघडण्याआधी सगळ्यांना एकेकदा हात लावून हे करून ठेवा.

नवखे मेडिक एका हेवीला चिकटतात आणि मॅचभर सोडत नाहीत. हेवीला ते आवडतं, टीमचं नुकसान होतं. बाकीचे दहा जण औषधाच्या पेट्या शोधत फिरतात आणि एकाच मोठ्या लक्ष्यामागे उभे असल्याने शत्रूच्या स्पायला तुमची पाठ आयती मिळते. एकावर फार तर पाच-सहा सेकंद, मग पुढचा. दर दोन-तीन सेकंदांनी मागे वळून पाहा.

आता उबरचार्ज. उपचार करत गेलात की तो भरतो, घायाळांवर सर्वांत जलद, साधारण ४० सेकंदांत. आधीच जादा हेल्थने भरलेल्या माणसावर बीम, म्हणजे मेडिगनचा झोत, लावून बसलात तर वेग निम्मा होतो. पूर्ण भरल्यावर उजवं बटण दाबलं की तुम्ही आणि तुमचा साथीदार ८ सेकंद अभेद्य. या आठ सेकंदांचं गणित असं मांडा: कुणासाठी, कशासाठी, आणि संपल्यावर कुठे. समोर सेंट्रीचं, म्हणजे इंजिनिअरच्या आपोआप गोळ्या झाडणाऱ्या तोफेचं, घरटं असेल तर डेमोमन किंवा सोल्जर घ्या, कारण स्फोटांनी यंत्रं लवकर पडतात. त्याच्या भरणीत रॉकेट शिल्लक आहेत ना ते पाहा. मग कोपऱ्यावरून वळण्याच्या आधी, शत्रू दिसायच्या क्षणी बटण दाबा. मध्येच बीम दुसऱ्या-तिसऱ्याकडे फिरवलात तर चार्ज लवकर संपतो. अभेद्य असताना जागेचा ताबा घेता येत नाही आणि गाडीही ढकलता येत नाही, म्हणून मागून साधे साथीदार येत आहेत याची खात्री हवी. समोर पायरो असेल तर तो हवेच्या झोताने तुमच्या माणसाला तुमच्यापासून दूर फेकेल. अशा वेळी भिंतीला पाठ लावून पुढे जा.

सगळ्यात महाग चूक मात्र वेगळीच: चार्ज भरलेला असताना तो न वापरता मरणं. परिपूर्ण संधीची वाट पाहू नका. हेल्थ साठच्या खाली आली आणि शत्रू समोर असेल तर लगेच दाबा. वाया गेलेला चार्ज पुन्हा ४० सेकंदांत भरतो. मेल्यावर तर तो शून्यावर येतोच, वर परतीच्या वाटेचा वेळही जातो.

तिसरा क्लास: इंजिनिअर

ज्यांना धावपळीपेक्षा मांडणी आवडते त्यांचा क्लास. सगळा खेळ धातूचा, आणि अंगावर एका वेळी २०० च धातू मावतं. सेंट्री गन १३०, डिस्पेन्सर (हेल्थ आणि दारूगोळा देणारं यंत्र) १००, टेलिपोर्टरची (साथीदारांना क्षणात पुढे पोचवणारं यंत्र) दोन टोकं प्रत्येकी ५०. बेरीज २०० च्या वर जाते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

स्पॉनच्या, म्हणजे टीम जिथून मैदानात उतरते त्या खोलीच्या, दाराबाहेर टेलिपोर्टरचं प्रवेशाचं टोक ठेवा, ५० गेले. लगेच आत जाऊन दारूगोळ्याच्या कपाटाला हात लावा, पुन्हा २०० झाले. आता पुढे जा. अडवायच्या जागेजवळ कोपऱ्याच्या आडोशाने सेंट्री ठेवा, ७० उरले. थोडं मागे टेलिपोर्टरचं दुसरं टोक, २० उरले. वाटेतली दारूगोळ्याची मध्यम पेटी उचला, तिच्यात १०० धातू असतं. त्यातून डिस्पेन्सर. तो स्वतःच धातू तयार करत राहतो, आता पेट्यांमागे पळणं थांबलं. बांधकाम चालू असताना पान्ह्याने ठोकत राहिलात तर ते लवकर उभं राहतं. वरच्या लेव्हलला न्यायला २०० धातू लागतं आणि एका ठोक्याला २५ जातं, म्हणजे आठ ठोके. आधी सेंट्री दोनवर न्या, मग टेलिपोर्टर. टेलिपोर्टरचं एक टोक वाढवलं की दुसरं आपोआप वाढतं, आणि दोन माणसांमधली थांबायची वेळ १० सेकंदांवरून तिसऱ्या लेव्हलला ३ वर येते. टेलिपोर्टर न बांधणारा इंजिनिअर टीमच्या अर्ध्या लोकांना मॅचभर चालायला लावतो.

सेंट्री उघड्यावर ठेवू नका. तिच्या टप्प्याबाहेरून सोल्जर आणि स्नायपर तिला निवांत पाडतात. वळण घेतल्यावरच दिसेल अशी ठेवली की शत्रूला तिच्या टप्प्यात यावंच लागतं. सॅपर, म्हणजे स्पायने यंत्र बिघडवायला लावलेलं उपकरण, लागल्याचा आवाज आला तर आधी स्पाय की आधी यंत्र, हा निर्णय पटकन घ्यावा लागतो. स्पाय हाताच्या अंतरावर असेल तर त्याला मारा, नाहीतर तो पुन्हा सॅपर लावेल. लांब पळाला असेल तर यंत्र वाचवा. दोन ठोक्यांत सॅपर निघतो.

बाकीचे सहा थोडक्यात

हेवी ३०० हेल्थचा आणि हळू. मशीनगन फिरायला लागण्याआधी कोपऱ्यावरून वळू नका. सँडविच उजव्या बटणाने साथीदाराकडे टाकता येतं, मेडिक घायाळ असेल तर त्याला द्या. पायरो टीमचा चौकीदार: आपल्याच माणसांवर आग फवारली तर काही होत नाही, पण वेषांतर केलेला स्पाय पेटतो. साथीदार जळत असेल तर हवेचा झोत मारून विझवा. डेमोमनकडे एकाच वेळी आठ चिकट बॉम्ब जमिनीवर लावून ठेवता येतात, दार अडवायला त्याच्याइतकं कुणी नाही, पण हात बसायला वेळ लागतो. स्काउट सर्वांत वेगवान आणि १२५ हेल्थचा. जागेचा ताबा घेताना तो दोघांच्या बरोबरीचा मोजला जातो. स्नायपरने डोक्यात लगेच मारलेली गोळी १५०, पूर्ण चार्ज करून ४५०. स्पायची पाठीतली सुरी एका घावात मारते. शेवटचे दोन्ही क्लास शत्रूच्या सवयी कळल्यावरच जमतात. मॅप आणि क्लास ओळखीचे होईपर्यंत त्यांना हात लावू नका. टीममध्ये आधीच दोन स्नायपर असतील तर तिसरा तुम्ही होऊ नका.

मॅच का हरते

बहुतेक वेळा नेमामुळे नाही. एकेक जण एकटा जाऊन मरतो म्हणून. परत आलात की समोर धावत सुटू नका. टॅब दाबून किती साथीदार जिवंत आहेत ते पाहा आणि पाच-सहा जणांचा गट जमू द्या. दुसरं कारण, सगळे मारामारीत आणि गाडीजवळ कुणी नाही. तिसरं, अडत असलेला क्लास न बदलणं. समोर दोन सेंट्री असताना स्काउटवर हट्टाने मरत राहण्यापेक्षा स्वल्पविरामाचं बटण दाबून डेमोमन घ्या.

बोलायला मायक्रोफोन लागत नाही. झेड, एक्स आणि सी या बटणांवर तयार हाका आहेत. एक्स आणि २ म्हणजे स्पाय आहे, एक्स आणि ३ म्हणजे पुढे सेंट्री, एक्स आणि ७ म्हणजे चार्ज लाव, झेड आणि २ म्हणजे आभार. ई दाबलं की मेडिकला हाक जाते, पण दर सेकंदाला दाबू नका. समोरचा जपानी असो की ब्राझीलचा, या हाका सगळ्यांना कळतात.

स्पाय ओळखायची साधी खूण: आपल्या टीमच्या माणसातून आरपार जाता येतं, वेषांतर केलेल्या शत्रूला मात्र धडक बसते. शंका आली की एक गोळी झाडा, साथीदाराला इजा होत नाही.

पैसे आणि भामटे

सुरुवातीची हत्यारं नवख्यासाठी पूर्ण पुरेशी आहेत आणि कित्येक अनुभवी खेळाडू तीच वापरतात. बाकीची खेळता खेळता आणि अचीव्हमेंट पूर्ण केल्यावर मिळत जातात. दुकानातून हत्यार विकत घेऊ नका. काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, म्हणजे क्रेट, उघडायच्या चाव्यांमध्ये पैसे घालणं म्हणजे सरळ जुगार, शाळकरी मुलांच्या खात्याला घरच्यांचं कार्ड जोडून ठेवू नका. फुकट खात्याच्या बॅगेत ५० वस्तू मावतात. काहीही एक लहान खरेदी केली की ती मर्यादा ३०० होते, एवढीच खरेदी आम्ही योग्य मानतो.

अनोळखी माणूस मैत्रीची विनंती पाठवून एखादी लिंक देत असेल, मत द्या म्हणत असेल, तर ती तुमचं खातं पळवायची युक्ती असते. स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिन करताना वेगळा कोड मागणारी सुरक्षा, मोबाईलवर पहिल्याच दिवशी चालू करा.

कित्येक वर्षं कॅज्युअलमध्ये चीट वापरणाऱ्या बॉटचा सुळसुळाट होता. त्याविरुद्ध २०२२ आणि २०२४ मध्ये खेळाडूंनी मोहिमा चालवल्या आणि २०२४ च्या मध्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. तरीही एखादा स्नायपर अंगाभोवती गरगर फिरत प्रत्येक गोळी डोक्यात घालत असेल, तर त्याला काढण्याचं मतदान सुरू होतं. तेव्हा एफ१ म्हणजे हो. चांगल्या खेळाडूला चीटर समजून काढू नका. टॅब दाबून तो कोण आहे ते आधी पाहा.

मित्र असतील तर

कॅज्युअलमध्ये सहा जणांची पार्टी करता येते. तिघे असाल तर एक मेडिक, एक सोल्जर, एक डेमोमन एवढ्यावर कॅज्युअलच्या बहुतेक मॅच फिरवता येतात. सहा जमले आणि माणसांशी लढायचा मूड नसेल तर मॅन व्हर्सेस मशीन लावा. सहा जण मिळून यंत्रमानवांच्या लाटा अडवायच्या. बूट कँप नावाचा प्रकार फुकट आहे. मॅन अपसाठी तिकीट लागतं, ते पहिल्यांदा घेऊ नका. फुटलेल्या यंत्रमानवांतून पडलेले पैसे कुणीही उचलले तरी सगळ्यांना मिळतात. स्काउटला ते लांबूनही खेचता येतात आणि उचलताना त्याची हेल्थ वाढते, म्हणून ते काम त्याचं. एक इंजिनिअर, एक मेडिक, एक हेवी नक्की ठेवा. बॉम्ब घेतलेल्या यंत्रमानवावर सगळ्यांची नजर हवी. लाट संपली की प्रत्येकाने अपग्रेडच्या ठिकाणी जाऊन पैसे खर्च केले आहेत का, इंजिनिअरची यंत्रं पुढच्या लाटेच्या वाटेवर हलली आहेत का, हे विचारा, आणि मगच तयार असल्याचं एफ४ दाबा.